दोन कागद जादा

"सर, ह्यो आवाज बरा न्हाय," शेवंताक्का म्हणाल्या.

त्या टेबलापासून चार हात लांब उभ्या होत्या, पदर कमरेला खोचून, मान एका बाजूला कलवून. टेबलावर त्यांनी स्वतः गुंडाळलेला बारा हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होता. शेजारी मिठाच्या पाण्याच्या टबात, आतही मिठाचंच पाणी भरलेल्या दहा बिअरच्या बाटल्या, आणि पलीकडे प्लास्टिकच्या पाइपावर तांब्याची तार गुंडाळून उभी केलेली माझी टेस्ला कॉइल. कॉइलच्या डोक्यावरून हातभर लांब जांभळी ठिणगी कडाडत होती. त्या कडकडाटापुढं मला दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नव्हता.

मी स्विच बंद केला. "कुठला आवाज?"

"ट्रान्सफॉर्मरचा. काल सहा बाटल्या हुत्या तवा नुसता गुणगुणत हुता. आज दात खायला लागलाय."

"ठिणगी बघा ना अक्का. काल वीतभर होती."

"ठिणगी ब्येस हाय. मी ठिणगीचं न्हाय म्हणत." त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर तळहात टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा. "दोन बाटल्या काढून तरी बघा, न्हायतर चार-पाच जादा तरी लावा. हितं कायतरी अडाकलंय."

"हे अंदाजाचं काम नाही," मी म्हणालो. "माझ्याकडं कोष्टक आहे."

कोष्टक म्हटल्यावर अक्का गप्प झाल्या. त्या गप्प होतील हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तो शब्द वापरला होता.

ही १९९६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी चौतीस वर्षांचा होतो, कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात वीज शिकवत होतो, आणि आपल्याला सगळं कळतं हे मला फार लवकर कळलं होतं. शेवंताक्का लोहारांचं दुकान उद्यमनगरातल्या एका बोळात होतं. त्यांचे यजमान दुकानांच्या आणि सिनेमा थिएटरांच्या निऑनच्या पाट्या करायचे. ते गेले तशा पाट्या बंद झाल्या, पण पाट्यांना लागणारे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं काम अक्कांनी चालूच ठेवलं. ते काम पहिल्यापासून त्याच करत होत्या, नाव तेवढं यजमानांचं होतं.

त्यांचं गुंडाळायचं यंत्र म्हणजे शिलाई मशीनचं चाक आणि त्याला जोडलेला फेऱ्या मोजणारा काउंटर. काउंटरला आकडे तीनच. हजारावी फेरी झाली की तो परत शून्यावर यायचा. मग अक्का डब्यात एक चिंचोका टाकायच्या. माझ्या ट्रान्सफॉर्मरला चोवीस चिंचोके लागले. केसासारखी बारीक तार, दोनशे फेऱ्यांचा एक थर, थरावर वीज अडवायला दोन कागद, की पुन्हा दुसरा थर. नऊ दिवस त्यांनी ते केलं, आणि त्या नऊ दिवसांत एकदाही तार तुटली नाही. मी रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन बघत बसायचो. इतकं नीट काम मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

म्हणूनच मी प्राचार्य इनामके साहेबांना सांगितलं होतं, "सर, वायंडिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आपण सुरू करू आणि शिकवायला या बाईंना घेऊ."

"शिक्षण?"

"सातवी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते विचारात पडले की असं करत. "विज्ञान दिनाला पुण्याहून नवे कोर्स मंजूर करणारी समिती येतेय. तुमची ती वीज पाडायची कॉइल त्यांना दाखवा, आणि हा ट्रान्सफॉर्मर या बाईंनी केलाय म्हणून सांगा. चालला तर मी शब्द टाकतो."

मी हे अक्कांना सांगितलं. त्या हातातला कागद उगाचच परत परत सरळ करत राहिल्या.

"मंजे पोरं मला काय म्हणणार?"

"मॅडम म्हणतील."

"काय तरीच!" त्या हसल्या. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "वर्गात उभं ऱ्हाऊन शिकवायचं का बसून?"

"उभं राहून."

"बरं," त्या म्हणाल्या, जणू सगळ्यात अवघड अट तीच होती.

आता बाटल्यांचं सांगतो. ट्रान्सफॉर्मर हा पाणी भरणारा गडी समजा आणि बाटल्या म्हणजे हौद. हौद काठोकाठ भरला की तो एका फटीतून एकदम कॉइलमध्ये उपडा होतो आणि वर ठिणगी उडते. हौद केवढा असावा हे भरणाऱ्याच्या ताकदीवर ठरतं. फार लहान असला तर ठिणगी मरतुकडी. अगदी तंतोतंत बरोबर असला तर मात्र धोका, कारण मग हौद आणि गडी एकमेकांना झोपाळ्यासारखे झोके द्यायला लागतात, आणि बारा हजारांचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट कधी झाले ते कळत नाही. म्हणून तंतोतंत मापाच्या थोडं पुढं जायचं, असा नियम.

ते माप माझ्याकडं होतं. अमेरिकेतल्या माझ्या मावसभावानं तिथल्या हौशी लोकांच्या एका पुस्तिकेची झेरॉक्स पाठवली होती. त्यात कोष्टक होतं. आमच्या ट्रान्सफॉर्मरसमोर लिहिलं होतं साडेसहापेक्षा किंचित जास्त, सहा पूर्णांक सहा नॅनोफॅरड. नॅनोफॅरड म्हणजे असले हौद मोजायचं माप. मी शहाणा. सुरक्षेसाठी त्यात एक पंचमांश वाढवला आणि आठ नॅनोफॅरड केले. एक बाटली म्हणजे शून्य पूर्णांक आठ, म्हणून दहा बाटल्या. एका परमिट रूमच्या मागच्या दारातून मी त्या पिशवीत भरून आणल्या. शेजारच्या वहिनींनी आईला विचारलं, "हे अलीकडं जास्तच घ्यायला लागलेत का?" त्यावर आम्ही दोन दिवस हसत होतो.

तो वाढवलेला एक पंचमांश मला फार आवडला होता. मी वर्गातसुद्धा सांगितलं होतं की इंजिनिअर तो, जो पुस्तकातला आकडा जसाच्या तसा घेत नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता सभागृहाचे पडदे ओढले. पहिल्या रांगेत समितीची तीन माणसं, त्यांच्याशेजारी इनामके साहेब, आणि कडेच्या खुर्चीवर हिरवं इरकली लुगडं नेसलेल्या शेवंताक्का. साहेबांनी त्यांची ओळख "आमच्या भावी शिक्षिका" अशी करून दिली. अक्कांनी उभं राहून सगळीकडं नमस्कार केला आणि परत बसताना खुर्ची नीट चाचपून बघितली.

पडदे ओढायच्या आधी मी आणखी एक गोष्ट केली. ज्या फटीतून हौद उपडा होतो, ती पितळेच्या दोन बोल्टमधली फट मी बोल्ट एक आटा मागं फिरवून मोठी केली. फट मोठी, की हौद आणखी चढल्यावरच उपडा होणार, आणि ठिणगी लांब. करून बघायला वेळ नव्हता, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

चाळीस सेकंद. दीड हात लांब ठिणगी निघाली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, समितीतला एक माणूस खुर्चीतून अर्धा उठला. मी अक्कांकडं बघितलं. त्या ठिणगीकडं बघतच नव्हत्या. मान कलवून पेटीकडं बघत होत्या. तेवढ्यात पेटीतून धप्प असा आवाज आला, आत ओतलेल्या डांबराचा वास सुटला आणि पांढरा धूर वर यायला लागला. ठिणगी गेली.

कुणीतरी पडदे उघडले. समितीतला तो माणूस खाकरला. "लोकल मेक आहे का?"

साहेबांनी अक्कांकडं बघितलं. मीही अक्कांकडं बघितलं. त्या क्षणी मला खरंच काही माहीत नव्हतं. त्या बघण्याबद्दल मी स्वतःला माफ केलंय.

"हर्डीकर, शनिवारी मला लेखी द्या काय झालं ते," साहेब म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन चहाला गेले.

दुपारी मी प्रयोगशाळेत एकटाच बसलो आणि ती झेरॉक्स पुन्हा काढली. अक्कांची चूक कुठं झाली असेल हे शोधायला काढली होती, हे सांगायला हवं. कोष्टकाच्या खाली, झेरॉक्सच्या काळपट पट्ट्यात, बारीक अक्षरांत एक ओळ होती. वरचे सगळे आकडे सेकंदाला साठ हेलकाव्यांच्या विजेसाठी आहेत.

आपली वीज पन्नासची. हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. हेलकावे कमी तर हौद तेवढ्या पटीत मोठा. साठ भागिले पन्नास, एक पूर्णांक दोन. म्हणजे बरोबर एक पंचमांश जास्त. धोक्याचा आकडा टाळायला मी जेवढा पुढं सरकलो होतो, तेवढाच तो आकडा आपल्या देशात येताना पुढं सरकला होता. आठ नॅनोफॅरड. दहा बाटल्या. मी मुद्दाम शोधून तंतोतंत धोक्यावर जाऊन बसलो होतो, आणि वर फट वाढवून कुकरची शिट्टी दाबून धरावी तसं केलं होतं. दोन बाटल्या काढा, न्हायतर चार-पाच जादा लावा. पंधरा बाटल्या लावल्या असत्या तर तो ट्रान्सफॉर्मर अजून गुणगुणत असता.

मी झेरॉक्सची घडी केली. परत उघडली. परत केली. मला घाम फुटला होता, आणि तो अक्कांसाठी नव्हता. मला दिसत होता तो स्टाफरूममधला हशा. पन्नास आणि साठ चुकलेला वीज शिकवणारा मास्तर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमाराला अक्का आल्या. काखेत लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. जळलेला ट्रान्सफॉर्मर त्या आदल्या दिवशीच दुकानात घेऊन गेल्या होत्या. डांबर वितळवून त्यांनी तो सगळा उलगडला होता, आणि एकेका थराचा कागद पेन्सिलीनं नंबर घालून आणला होता.

"एक थर सोडला न्हाय, सर." त्यांनी कागद माझ्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. माझं डावं कोपर झेरॉक्सवर होतं. मी ते तिथंच ठेवलं. "ह्यो बघा, एकतिसावा. हितं भोक पडलंय."

कागदाला वाटाण्याएवढं काळं भोक होतं.

"पर बाजूनं बघा की. कागद कोरा हाय. तार कुठं चढल्याली न्हाय, खरवाडल्याली न्हाय. चिंचोके चोवीसच्या चोवीस. कच्चं काम असतं तर चार जागी फुटलं असतं. असलं मी कवा बघितलं न्हाय. ह्येला कुणीतरी वरनं हाणल्यावानी दिसतंय."

मी भोकाकडं बघत राहिलो.

"बाटल्यांचं एकडाव बघितलासा काय?"

त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. डोळ्यांखाली काजळी होती, बोटांना डांबर होतं, आणि त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की मी जे सांगेन ते त्या घरी घेऊन जाणार होत्या.

"बघितलं," मी म्हणालो. "बाटल्यांचा हिशेब बरोबर आहे."

"बरोबर हाय?"

"कोष्टकाप्रमाणं."

अक्कांनी एकतिसाव्या कागदाकडं बघितलं. "मग माझंच चुकलं म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या. मग मान वर केली. "किती कागद घालाया पायजे हुते, सर?"

एकही जास्त नाही, हे खरं उत्तर होतं. पण एकदा खोटं बोलल्यावर त्याला शेपूट लावावंच लागतं. "दोन जादा," मी म्हणालो. का दोन, ते मला माहीत नाही. तोंडात आलं ते बोललो.

"मंजे चार."

"हो, चार."

त्यांनी माझ्याच टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्या भोकाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सर – २ कागद जादा'. बाकीचे कागद गाठोड्यात बांधले, तो एक वेगळा घडी घालून पिशवीत ठेवला.

"पोरांना ह्येच पयलं शिकवीन," त्या म्हणाल्या. "साहेबांस्नी सांगा, मी परत गुंडाळून देतो. चार कागद घालून देतो. तेवढं कोर्सचं बघा."

"साहेबांच्या हातात आहे ते."

"तुमी सांगितलं तर ऐकतील की."

शनिवारी मी लेखी दिलं. 'दुय्यम वेष्टनातील अपुऱ्या विद्युतरोधामुळे बिघाड.' वाक्य असं होतं की कोर्टातही टिकलं असतं. विद्युतरोध फुटला होताच. तो कुणी फोडला एवढंच मी लिहिलं नव्हतं.

इनामके साहेबांनी ते दोनदा वाचलं. "स्वतः आणलेल्या माणसाची चूक स्वतःच्या हातानं लिहिलीत, हर्डीकर. असा निःपक्षपातीपणा हल्ली दिसत नाही."

"थँक यू, सर," मी म्हणालो. हो, मी थँक यू म्हणालो.

पुढच्या जूनमध्ये कोर्स सुरू झाला. शिकवायला एक डिप्लोमावाला घेतला. तो पुस्तक बघून गुंडाळायचा. मी कॉइल कपाटात ठेवली, आणि उद्यमनगरात जायचं झालं तर तो बोळ टाळून लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. पुढं विभागप्रमुख झालो, निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात माझ्या प्रामाणिकपणावर दोन भाषणं झाली.

दोन हजार बावीसच्या डिसेंबरात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. बोरगावे नावाचा माझा एक विद्यार्थी फौंड्रीच्या भट्ट्यांना लागणारे तेलाचे बर्नर बनवतो. तो बर्नर पेटवणारी ठिणगी पाडायलाही हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. जेवताना तो सांगत होता.

"सर, उद्यमनगरात एक म्हातारी आहे. तिच्यासारखं वायंडिंग अख्ख्या जिल्ह्यात नाही. पण एक खोड आहे तिला. दोन कागद जादा घालते. त्यामुळं कॉइल एवढी जाड होते की गाभ्यात बसत नाही, गाभा मोठा घ्यायला लागतो, पेटी मोठी होते. निम्मी गिऱ्हाइकं त्यामुळंच गेली तिची. किती सांगितलं, ऐकतच नाही."

"का?" मी विचारलं. हातातला घास हातातच होता.

"कुठल्यातरी सरांनी सांगितलंय म्हणे." बोरगावे हसला. "आता ते सर कोण, कुठले, देवाला माहीत."

मी घास ताटात परत ठेवला. सव्वीस वर्षं ती बाई माझं खोटं थराथरावर गुंडाळत होती. तोंडात आलं म्हणून बोललेला तो आकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बोळात गेलो. दुकान तेच होतं. यंत्रावर एक विशीतली मुलगी बसली होती, दुसरी कागद कापत होती. अक्का भिंतीला टेकून खुर्चीत होत्या. केस पांढरे, डोळ्यांना जाड भिंगं, हात किंचित थरथरणारे. भिंतीवर, यजमानांच्या फोटोच्या खाली, काचेच्या चौकटीत तो कागद होता. भोक होतं. पेन्सिलीची अक्षरं फिकट झाली होती, पण वाचता येत होती.

"अक्का, मी हर्डीकर."

त्यांनी मान कलवली. चेहऱ्याआधी त्यांना आवाज ओळखू आला असावा. "सर! आगं पोरींनो, उठा. ह्येच त्ये सर. दोन कागदांचं."

दोन्ही मुली उभ्या राहिल्या. वर्गात राहतात तशा, हात बाजूला सोडून.

"बसा, बसा," मी म्हणालो. "अक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो ट्रान्सफॉर्मर तुमच्यामुळं नाही जळला. बाटल्या चुकल्या होत्या. कोष्टक आपल्या विजेचं नव्हतं. तुम्ही म्हणाला होता ते बरोबर होतं, चार-पाच जादा लावायला हव्या होत्या. कागदाचं मी असंच सांगितलं. त्याला काही आधार नव्हता."

यंत्राचं चाक थांबलेलं होतं. कागद कापणाऱ्या मुलीनं कात्री खाली ठेवली.

"कवा कळलं तुमास्नी?" अक्कांनी विचारलं.

"त्याच दिवशी. दुपारी."

"मी कागद घिऊन आलो, त्याच्या आदी का मागनं?"

मागून, असं म्हणता आलं असतं. त्यांना कसं कळणार होतं?

"आधी," मी म्हणालो.

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या चौकटीकडं बघत राहिल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मंजे माझं गुंडाळणं बरोबर हुतं."

"बरोबर होतं."

"चोवीसच्या चोवीस."

"हो."

त्यांनी टेबलाची कड धरली आणि सावकाश उभ्या राहिल्या. एक मुलगी आधार द्यायला पुढं झाली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पूर्ण ताठ उभ्या राहिल्यावर मग त्या बोलल्या.

"सारिका, आजपास्नं दोन कागद कमी घाल."

यंत्रावरची मुलगी गोंधळली. तिनं भिंतीवरच्या चौकटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"त्येंच्याकडं काय बघतीस?" अक्का म्हणाल्या. "मी सांगतोय."